विद्यार्थ्याचा वेळ आणि घरादाराची जबाबदारी

(विहाराच्या वर्धापन दिनानिमित्त झालेल्या विद्यार्थी-पालक मेळाव्यातील भाषण, स्मरणिकेसाठी शब्दांकित)

 

समितीने मला विषय दिला आहे 'विद्यार्थी आणि वेळेचे नियोजन'. या विषयावर बोलायला उभा राहिलेला माणूस सहसा पहाटे उठा, आळस सोडा, टी.व्ही. बंद करा, मोबाईल फेकून द्या एवढे सांगून खाली बसतो. मुले टाळ्या वाजवतात आणि दुसऱ्या दिवशी सगळे होते तसेच चालू राहते. कारण मुलांना विचारले तर ती एकच गोष्ट सांगतात, "सर, टाइमच भेटत नाही जी." आणि माझे असे म्हणणे आहे की पुष्कळदा ती खरे बोलत असतात. आपल्या वस्तीतल्या विद्यार्थ्याचा वेळ त्याच्या एकट्याच्या मालकीचा नसतो. तो घराचा, शेताचा आणि मजुरीचाही असतो. म्हणून आज मी मुलांशी जेवढे बोलणार आहे, तेवढेच त्यांच्या आईवडिलांशी बोलणार आहे. कोणी राग मानू नये.

आपण बाबासाहेब अठरा-अठरा तास अभ्यास करीत असे अभिमानाने सांगतो. ते सांगितलेच पाहिजे. पण हे तास आले कुठून, याचा विचार आपण फारसा करीत नाही. थोडे मागे जाऊ या.

सुभेदार रामजी सकपाळ सैन्यातून निवृत्त झालेले, पेन्शन तुटपुंजी. कुटुंब घेऊन ते मुंबईला आले आणि लोअर परळच्या डबक चाळीत एका खोलीत राहू लागले. त्याच खोलीत चूल, त्याच खोलीत सामान, तिथेच माणसे आणि तिथेच झोपणे. अशा खोलीत पोराने अभ्यास करायचा केव्हा? रामजीबाबांनी तोड काढली. भीमाला ते लवकर झोपायला लावीत आणि स्वतः रात्री दोन वाजेपर्यंत जागे राहत. दोन वाजले की मुलाला उठवीत आणि मग त्याच्या जागेवर आपण आडवे होत. सारी चाळ झोपलेली असताना तो मुलगा रॉकेलच्या दिव्यावर अभ्यास करी. खोलीत जागा नव्हती आणि दिवसा शांतता नव्हती, म्हणून बापाने आपली झोप मोडून मुलाला शांत वेळ काढून दिला.

हे मी पालकांसाठी सांगतो आहे. "बाबासाहेबांसारखा शिक" असे आपण पोराला म्हणतो, तेव्हा आपणही रामजीबाबांसारखे थोडे वागले पाहिजे की नाही? त्यांनी नुसते "अभ्यास कर" म्हटले नाही. एका खोलीच्या घरात कोणी कधी झोपायचे याची वाटणी त्यांनी केली. वेळेचे नियोजन म्हणतात ते याहून वेगळे काय असते? आणि हेही लक्षात घ्या की त्यांनी मुलाला उपाशी झोपेवर बसवले नाही. आधी झोपवले, मग उठवले.

दुसरी गोष्ट जागेची. शाळकरी भीमराव चर्नी रोडच्या बागेत पुस्तक घेऊन वाचत बसत. तिथेच कृष्णाजी अर्जुन केळुस्कर या शिक्षकांनी त्यांना पाहिले. हा मुलगा रोज इथे वाचत बसतो, म्हणून त्यांनी चौकशी केली आणि ओळख झाली. १९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले. साडेसातशेपैकी २८२ गुण होते. आजच्या टक्केवारीच्या जमान्यात एवढ्या गुणांवर आपण पोराला बोलबोल बोललो असतो! पण त्या काळी आपल्या समाजातला मुलगा मॅट्रिक होणे ही केवढी मोठी गोष्ट होती. त्यांच्या सत्काराच्या सभेत केळुस्कर गुरुजींनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्यांना भेट दिले. पुढचा इतिहास आपल्याला माहीत आहे. बागेतल्या बाकावर अभ्यासाला बसण्याची सवय आणि हे विहार, यांचा संबंध असा जवळचा आहे.

आता परदेशातले दिवस पाहू. १९१३ साली बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्या शिष्यवृत्तीवर बाबासाहेब न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. मुदत तीन वर्षांची होती. त्या काळात त्यांनी अर्थशास्त्राचे २९ अभ्यासक्रम घेतले, शिवाय इतिहास, समाजशास्त्र, तत्त्वज्ञान, मानववंशशास्त्र. १९१५ मध्ये एम.ए. झाले. ९ मे १९१६ रोजी भारतातील जातींवरचा आपला प्रसिद्ध निबंध त्यांनी तिथे वाचला. त्याच वर्षी ते लंडनला गेले आणि लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स व ग्रेज इन या दोन्ही ठिकाणी दाखल झाले. पण शिष्यवृत्ती संपली आणि १९१७ मध्ये अभ्यास अर्धवट टाकून परत यावे लागले. विद्यापीठाने एवढी सवलत दिली की चार वर्षांच्या आत आलात तर पुढे शिकता येईल.

विद्यार्थी मित्रहो, ही चार वर्षे नीट समजून घ्या, कारण नियोजनाचा खरा धडा इथे आहे. खिशात पैसा नाही, घरी कुटुंब आहे आणि चार वर्षांचे घड्याळ सुरू झाले आहे. बाबासाहेबांनी शेवटच्या तारखेवरून मागे हिशेब केला. १९१८ च्या नोव्हेंबरमध्ये सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी धरली, पगारातून काटकसरीने पैसा बाजूला टाकला आणि १९२० च्या मार्चमध्ये ती चांगली नोकरी सोडली. शाहू महाराजांची मदत झाली, मित्र नवल भथेना यांच्याकडून पाच हजार रुपये उसने घेतले आणि जुलै १९२० मध्ये, मुदत संपण्याच्या कितीतरी आधी, पुन्हा बोटीत बसले. १९२१ ला एम.एस्सी., १९२२ ला बॅरिस्टर, १९२३ ला डी.एस्सी. ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात सकाळी शिरायचे ते बंद होण्याच्या वेळी बाहेर पडायचे. खोलीवर आल्यावर पुन्हा रात्रभर वाचन. खायला पुरेसे नसे. रात्री भूक लागली की चार पापड भाजून खात. सोबत राहणारा मित्र झोपा आता म्हणे, तर त्याला सांगत की माझ्यापाशी पैसा नाही आणि वेळही नाही, मला हे लवकर संपवले पाहिजे.

आणि त्या वेळी मुंबईत रमाई माउली संसाराचा सारा भार एकट्या वाहत होत्या. लंडनच्या ग्रंथालयातला प्रत्येक तास रमाईने इकडे कष्ट सोसून मोकळा केलेला होता. अठरा तासांची गोष्ट सांगताना रामजीबाबा आणि रमाई यांना वगळून सांगू नये, एवढीच माझी विनंती आहे.

आता आपल्या घरात येऊ. मी मुलांना एक साधे काम सांगतो. दहा रुपयांची वही घ्या आणि सात दिवस नुसते लिहा, किती वाजता काय केले. चांगले-वाईट ठरवू नका, कोणाला दाखवू नका, फक्त लिहा. आठवड्याचे तास १६८. झोप रोज आठ तास धरली तर ५६ गेले. कॉलेज, शाळा, शिकवणी आणि जाणे-येणे मिळून रोज नऊ तास, सहा दिवसांचे ५४. आंघोळ, जेवण, कपडे यांचे रोज तीन तास धरा, म्हणजे २१. उरले ३७. समजा मुलगा घरचे काम रोज एक तास करतो. त्याचे सात गेले, हाती ३० राहिले. समजा त्याच घरातली बहीण रोज तीन तास काम करते. पाणी भरणे, भांडी, स्वयंपाक, लहान भावंडांना सांभाळणे. तिचे २१ गेले, हाती १६ राहिले.

फरक किती? आठवड्याला १४ तास, वर्षाला ७२८ तास. रोज चार तास अभ्यास धरला तर १८२ दिवसांचा अभ्यास! म्हणजे एकाच घरात, एकाच ताटात जेवणाऱ्या भावाबहिणीत, वर्ष संपताना बहीण सहा महिने मागे असते. आणि तरीही पुष्कळ मुली भावापेक्षा जास्त गुण आणतात. तेव्हा आपण म्हणतो, पोरगी हुशार आहे. हुशार तर ती आहेच, पण तिच्या हुशारीतले सहा महिने आपण घरकामात खर्च करून टाकले, हे आपण म्हणत नाही. १९४२ साली नागपूरला भरलेल्या महिला परिषदेत बाबासाहेबांनी समाजाची प्रगती स्त्रियांच्या प्रगतीवरून मोजण्याची गोष्ट सांगितली होती. मग ती मोजणी आपल्या घरातल्या घड्याळापासून का सुरू करू नये? मुलाने दोन वेळचे पाणी भरले, आपले ताट धुतले, आपले कपडे धुतले तर त्याचा अभ्यास बुडत नाही. दोघांनी दोन-दोन तास काम केले तर दोघांच्याही हाती आठवड्याला २३ तास येतात. वडिलांनी हात लावला तर आणखी.

यात आपल्या भागाची एक वेगळी अडचण आहे, ती शहरातल्या पुस्तकांत लिहिलेली नसते. आपला जिल्हा धानाचा. शाळेचे एक कॅलेंडर आहे आणि धानाचे दुसरे, आणि ही दोन्ही एकमेकांना विचारून चालत नाहीत. जूनच्या शेवटी आपल्याकडे शाळा उघडते, तोवर पऱ्हे टाकून झालेले असतात. जुलै-ऑगस्टमध्ये वर्ग रंगात येतो आणि तिकडे रोवणी सुरू होते. माय बांधीत, मोठी मुलगीही रोजीवर. दिवाळीच्या आगेमागे सहामाही परीक्षा आणि धानाची कापणी. पाण्याची सोय असलेल्या गावांत उन्हाळी धानाची रोवणी जानेवारी-फेब्रुवारीत, म्हणजे बारावीच्या तोंडावर. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे मोहफुले वेचायला जायचे, त्याच सुमारास दहावीचे पेपर आणि कॉलेजच्या परीक्षांची तयारी. मे महिन्यात तेंदूपत्ता तोडणे, पुडके बांधणे, त्यातच लग्नसराई.

मजुरी सोडा असे मी म्हणणार नाही. रोवणीच्या पैशातून कितीतरी मुलांची फी भरली जाते. पण हे दरवर्षी ठरलेले आहे ना? मग अचानक आल्यासारखे का वागायचे? वर्षाच्या सुरुवातीला भिंतीवरच्या कॅलेंडरवर दोन्ही गोष्टी लिहा, परीक्षांच्या तारखा आणि शेताचे हंगाम. रोवणीच्या तीन-चार आठवड्यांत नवा अवघड धडा हाती धरू नका, झालेल्याची उजळणी ठेवा. जो भाग त्या दिवसांत बुडणार आहे, त्याच्या वह्या कोणाकडून घ्यायच्या ते आधीच ठरवा. आणि पालकांनी एवढे करावे की बोर्डाच्या परीक्षेआधीचे दोन महिने त्या मुलाच्या नावावर रोजी धरू नये. बाबासाहेबांनी चार वर्षांचा हिशेब शेवटाकडून मांडला, आपण एका वर्षाचा मांडू.

आता उरलेल्या तासांत अभ्यास कसा करावा, यावर थोडे बोलतो.

पहिले, तुकड्यातुकड्यांचा वेळ. सालेकसा, आमगाव, तिरोड्याकडून गोंदियाला गाडीने येणारी मुले आहेत, सौंदड-अर्जुनीकडून येणारी आहेत. गाडीची वाट पाहण्यात आणि प्रवासात रोज तास-दीड तास जातो. त्या गर्दीत गणित सुटत नाही, हे मान्य. पण पाच व्याख्या, दहा शब्द, इतिहासाच्या तारखा एका चिठ्ठीवर लिहून खिशात ठेवता येतात. अवघड विषय घरच्या शांत तासासाठी राखून ठेवावा, पाठांतर गाडीसाठी.

दुसरे, वाचले म्हणजे आले असे समजू नये. तीच पाने चार वेळा डोळ्यांखालून घालण्यापेक्षा एकदा वाचून वही बंद करावी आणि काय आठवते ते कोऱ्या कागदावर लिहावे. जे लिहिता आले नाही तेवढेच पुन्हा पाहावे. उद्या एकदा, आठ दिवसांनी एकदा, महिन्याने एकदा असे आठवून पाहिले तर टिकते. शिकलेले माणूस किती भराभर विसरतो यावर जर्मनीतल्या एबिंगहाउस या शास्त्रज्ञाने १८८५ सालीच ग्रंथ लिहून ठेवला आहे. ज्यांच्याकडे आठवड्याला सोळाच तास आहेत, त्यांना तर ही पद्धत फार उपयोगाची. यात वेळ कमी लागतो.

तिसरे, झोप. परीक्षा आली की मुले रात्र-रात्र जागतात आणि बाबासाहेबांचे नाव सांगतात. डबक चाळीतला भीम आधी झोपत होता, हे विसरू नका. तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांना आठ ते दहा तास झोप हवी असे वैद्यकशास्त्र सांगते. दिवसा वाचलेले झोपेतच डोक्यात पक्के बसते. लंडनमधल्या जागरणामागे परकी नगरी, संपत आलेला पैसा आणि मुदत होती. ती त्यांची लाचारी होती. ती आपल्या पोरांवर यावी म्हणून बाबासाहेबांनी एवढे कष्ट घेतले नाहीत.

चौथे, मोबाईल. तो आज अभ्यासालाही लागतो, शिकवणीचे व्हिडिओ त्यावरच असतात, म्हणून फेकून देता येत नाही. पण त्या सात दिवसांच्या वहीत मोबाईलचे तास खरे खरे लिहा. अभ्यासाला बसताना तो दुसऱ्या खोलीत ठेवा, आणि घर एकाच खोलीचे असेल तर आईजवळ द्या. मग आईनेही त्या तासात त्यावर मालिका पाहू नये!

पाचवे, कागदपत्रे. हे कोणी अभ्यासाच्या भाषणात सांगत नाही, पण आपल्या मुलांचे फार दिवस यात जातात. उत्पन्नाचा दाखला, जातीचे प्रमाणपत्र, जात वैधता, शिष्यवृत्तीचा ऑनलाइन अर्ज, वसतिगृहाचा अर्ज, ते न मिळाल्यास स्वाधार योजनेचा अर्ज. बारावीचा निकाल लागल्यावर धावपळ सुरू होते आणि प्रवेशाच्या ऐन दिवसांत मुलगा रांगेत उभा असतो. जात वैधतेचा अर्ज अकरावी-बारावीत असतानाच करून टाका. सगळ्या कागदांच्या चार-चार झेरॉक्स एका पिशवीत ठेवा. हे काम वडिलांनी किंवा मोठ्या भावाने अंगावर घ्यावे. हे केले म्हणजेही विद्यार्थ्याला वेळ दिल्यासारखेच आहे.

शेवटचा मुद्दा आपल्या विहाराचा. शिकू इच्छिणाऱ्याच्या सोयीने शाळेची वेळ ठरवणे ही आपली परंपराच आहे. महात्मा जोतीराव आणि सावित्रीमाई फुले यांनी १८५५ मध्ये आपल्या घरी रात्रशाळा सुरू केली, कारण दिवसभर राबणाऱ्या शेतकरी-मजुरांना दिवसा वेळ नव्हता. बाबासाहेबांनी १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ कॉलेज काढले तेव्हा वर्ग सकाळी भरवण्याची सोय केली, म्हणजे गरीब विद्यार्थी सकाळी शिकेल आणि दिवसा नोकरी करील. ज्याने स्वतः मध्यरात्री दोन वाजता उठून अभ्यास केला होता, त्याला दुसऱ्याच्या वेळेची अडचण बरोबर कळली.

मग आपण काय करतो? या विहारात सायंकाळी वंदना होते, वर्षावासात 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन होते. उरलेला वेळ दाराला कुलूप असते. आत पंखा आहे, लाइट आहे, स्वच्छ फरशी आहे, शांतता आहे. आणि दहा पावलांवर एका खोलीत पाच माणसांच्या गडबडीत पोरगी रसायनशास्त्र वाचते आहे. विहार समितीला माझी नम्र सूचना आहे की वंदनेनंतर रात्री साडेनऊपर्यंत आणि पहाटे पाच ते सात विहार अभ्यासासाठी उघडे ठेवावे. चावी पाळीपाळीने एकेका कुटुंबाकडे द्यावी. मुलींना येता-जाता भीती वाटू नये म्हणून महिला मंडळातील दोघी-तिघींनी त्या वेळेत इथे बसावे. शिकलेल्या तरुणांनी, नोकरीला लागलेल्यांनी आठवड्यातला एक तास गणित-इंग्रजीसाठी द्यावा. याला वेगळी वर्गणी लागत नाही, लाइटबिल थोडे वाढेल एवढेच.

धम्मपदातला दुसरा वर्ग अप्पमाद वग्ग आहे. अप्रमाद म्हणजे गाफील न राहणे, जागृत राहणे. भगवंतांनी महापरिनिर्वाणाच्या वेळी शेवटचा उपदेश केला तोही अप्रमादाचाच. विद्यार्थ्याने आपल्या तासांविषयी गाफील राहू नये, आईवडिलांनी मुलीच्या तासांविषयी गाफील राहू नये आणि समितीने या बंद दाराविषयी गाफील राहू नये, असा त्याचा अर्थ मी आजच्यापुरता घेतो.

आज घरी गेल्यावर प्रत्येक कुटुंबाने एक काम करावे. जेवण झाल्यावर सगळ्यांनी बसून ठरवावे की आपल्या घरात शिकणाऱ्या प्रत्येक लेकराला रोजचे कोणते दोन तास द्यायचे. त्या दोन तासांत त्याला कोणी हाक मारायची नाही, पाहुणे आले तरी चहाला उठवायचे नाही. आणि हे ठरवताना सुरुवात मुलीपासून करावी.



जयभीम! नमो बुद्धाय!